काडीच्या मापाचे बूट

मी बुटांच्या परतीत काम करते. नागपुरात, एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, कानाला हेडफोन लावून. घरबसल्या मागवलेले बूट लोकांना बसत नाहीत, मग ते आम्हाला फोन करतात. बहुतेक फोन लहान मुलांच्या बुटांचे असतात. मोठा माणूस चावणारा बूटही सोसतो आणि म्हणतो, वापरून सैल होईल. दीड वर्षाचं मूल असलं काही म्हणत नाही. ते खाली बसतं आणि रडतं.

या अंकाच्या संपादकांनी कामाच्या अनुभवांवर लिहायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हणणार होते. मला फार बोलायची सवय नाही, आणि बोलले तरी स्वतःबद्दल बोलत नाही. पण मनात एक राग आहे. तो माझ्या गावच्या, घाटंजीच्या बाजारातला आहे. मी शहर बदललं, कंपनी बदलली, पगार वाढला, तरी तो गेला नाही. तो लिहून बघते.

माझं शिक्षण इंग्लिश मीडियममध्ये झालं. बाबा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते आणि मुलीला टाय लावून शाळेत पाठवायची त्यांची हौस होती. शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे. घरी इंग्रजी बोललं की शेजारच्या काकू तोंडाला पदर लावून हसायच्या. मी दोन्हीकडे गप्प बसायला शिकले. त्याने एक झालं, बघायची सवय लागली.

ज्या वर्षी बोंडअळीने कापूस खाल्ला त्या वर्षी जिनिंगला कापूसच येईना. बाबा घरी बसले. मी कॉलेज बाहेरून करायचं ठरवलं आणि बाजारलाइनीतल्या बुटांच्या एका दुकानात लागले. दुकानाचं नाव लिहीत नाही. मालकांना सगळे शेठ म्हणायचे, मीही म्हणायची.

मला वाटलं होतं, इंग्रजी येतं म्हणून आपल्याला कॉम्प्युटरवर बसवतील. कॉम्प्युटर नव्हताच. शेठनी पहिल्याच दिवशी काम समजावून सांगितलं. विकायचं काम ते आणि त्यांचा भाचा करणार. मी फक्त बूट परत करायला येणाऱ्यांशी बोलायचं, आणि तेही इंग्रजीत.

"मराठीत नाही म्हटलं तं मानूस भांडते," ते म्हणाले. "इंग्रजीत म्हटलं तं घरी जाते."

हे त्यांनी मला धंद्याची गोम सांगावी तसं सांगितलं. मी हसले नाही, म्हणून त्यांना वाटलं मला समजलं नाही. त्यांनी परत सांगितलं.

मग रोज तेच. कोणी पिशवीतून बूट काढून काउंटरवर ठेवले की शेठ मागे बघून म्हणायचे, "मॅडम, सांगा यायले," म्हणजे यांना. मी उठायची आणि पाठ केलेलं म्हणायची: सॉरी, नो एक्स्चेंज, नो रिफंड, ॲज पर पॉलिसी. आवाज माझा मुळातच बारीक. त्यामुळे ते आणखीच मोठ्या ठिकाणाहून आल्यासारखं वाटत असावं. समोरचा माणूस माझ्याकडे बघायचा, मग शेठकडे, मग हातातल्या बुटाकडे. काही लोक तर 'बरं' म्हणायचे. कशाला बरं म्हणतोय हे न कळता माणूस बरं म्हणतो आणि पिशवी उचलून जातो, हे मी रोज बघायची. दुकानात पॉलिसी म्हणून काही नव्हतं. भिंतीवर अगरबत्ती लावायची जागा होती, तिच्या खाली 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं पेंटरकडून लिहून घेतलं होतं. तेवढंच.

सगळ्यांना हाच नियम होता असंही नाही. एका साहेबांच्या बाई मुलाच्या वाढदिवसाला घातलेले बूट दुसऱ्या दिवशी घेऊन आल्या. रंग आवडला नाही म्हणाल्या. तळाला केकचं क्रीम वाळलेलं होतं. शेठनी ते स्वतःच्या रुमालाने पुसलं, बाईंना चहा मागवला आणि दुसरा जोड दिला. मी उठले होते, त्यांनी हातानेच बसा म्हटलं.

एक म्हातारे बाबा नातीचे पिपाणीचे बूट घेऊन आले होते. चाललं की पीं पीं वाजतात ते. त्यांची तक्रार मापाची नव्हती. नात अंगणात चालली की बकऱ्या दावं तोडून पळतात, दूध काढू देत नाहीत, असं ते म्हणाले. शेठनी दाभणाने दोन्ही पिपाण्या उपसून काढल्या आणि म्हणाले, घ्या, झाले बदलून. बाबा खूश होऊन गेले. पिपाण्या शेठनी ठेवून घेतल्या. असे दिवसही होते, नाही असं नाही.

आता काडीचं सांगते. बाहेरच्यांना हे माहीत नसेल.

आमच्याकडे बूट घ्यायला लेकराला बाजारात आणत नाहीत. गर्दी असते, ऊन असतं, एसटीत उभं राहावं लागतं, शिवाय नजर लागते. लेकरू घरी राहतं आणि त्याच्या पायाची काडी बाजारात येते. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची काडी घ्यायची, लेकराच्या तळव्याला टाचेपासून अंगठ्यापर्यंत लावायची आणि तिथे मोडायची. मग बाजाराला जाणाऱ्याच्या खिशात द्यायची. कोणी काका, कोणी मामा, कोणी नुसताच गावातला माणूस. तो दुकानात येऊन वरच्या खिशातून बिडीसारखी काडी काढतो आणि म्हणतो, याच्या मापाचे बूट द्या.

शेठ काडी बुटात घालायचे. आत गेली की बूट मापाचा. बूट खोक्यात जायचा आणि काडी जायची बिस्किटाच्या एका रिकाम्या डब्यात. काडीला दोऱ्याने चिठ्ठी बांधून तिच्यावर गाव आणि लेकराचं नाव मीच लिहायची. मला सुरुवातीला कळेना की हे वाळकं सरपण कशाला जमवतात. पहिला बूट परत आला तेव्हा कळलं. शेठनी डबा उघडला, त्याच लेकराची काडी शोधली, बुटात घालून दाखवली आणि म्हणाले, "हे तुमचं माप. बूट तुमच्या मापाचा. आमची काय चूक?"

लोक बूट परत पिशवीत घालायचे. आणि बूट तर परत यायचेच, कारण काडीच्या मापाचा बूट लेकराला कधीही होत नाही.

त्याचं कारण साधं आहे. जागं लेकरू पायाला काडी लावू देत नाही, बोटं आवळतं, गुदगुल्या होऊन पाय ओढून घेतं. म्हणून आया ते झोपल्यावर माप घेतात. आणि झोपलेल्या लेकराचा पाय उभ्या लेकराच्या पायापेक्षा लहान असतो. त्यावर भार नसतो. उभं केलं की तळवा पसरतो, बोटं पुढे सरकतात, अंगठ्याशेजारी मऊ गादी फुगते. चालताना तर पाय बुटात आणखी पुढे जातो, म्हणून पुढे बोटभर मोकळी जागा लागते. काडीला काय, तिला ना भार ना बोटं. ती बुटाच्या टोकापर्यंत सरळ जाऊन बसते. वरून अंगठ्याने दाबून बघण्यातही अर्थ नाही, लेकरं बुटात बोटं मुडपून घेतात आणि आपल्याला वाटतं पुढे जागा आहे.

हे मला दुकानात कोणी शिकवलं नाही. विकताना आमच्यासमोर पाय नसायचाच, काडी असायची. पाय दिसायचा तो परत करायला आले की. टाचेला फोड आलेला, करंगळी लाल झालेली, नख आत गेलेलं. मी काउंटरच्या मागून ते बघत असायची आणि तोंडाने ॲज पर पॉलिसी म्हणत असायची. शेठना हे माहीत नव्हतं असं नाही. पंचवीस वर्षं लहान मुलांचे बूट विकणाऱ्या माणसाला हे माहीत नसतं असं मला कोणी सांगू नये. त्यांच्या स्वतःच्या नातवाला त्यांनी काउंटरवर उभं करून बूट घातले होते. तेव्हा काडी आणली नव्हती.

वनिता आली ती बाजाराच्या दिवशी, दुपारी. नाव नंतर कळलं. माझ्यापेक्षा थोडीच मोठी असेल. कडेवर दीड वर्षाचा मुलगा, सार्थक, आणि खांद्याला पिशवी. पिशवीतून विळ्याची मूठ बाहेर आली होती. तुरीच्या सोंगणीसाठी लोहाराकडून धार लावून आणला होता. बूट आदल्या बाजारी तिच्या दिराने नेले होते, निळे, वर पट्टी असलेले. तिने ते काउंटरवर ठेवले आणि सार्थकचा पाय उचलून टाच दाखवली. फोड फुटून कातडी सुटली होती, आणि त्यावर हळद लावली होती.

"बदलून द्या शेठ," ती म्हणाली. "लायने होऊन राह्यले."

शेठनी डबा काढला. चिठ्ठी वाचायला मला दिली. मी गाव वाचलं, सार्थक वाचलं. त्यांनी काडी बुटात सोडली, बूट तिच्या नाकासमोर धरला आणि विचारलं, काडी जाते का नाही. ती म्हणाली, जाते. मग बूट लहान कसा, असं त्यांनी विचारलं. दुकानात गर्दी होती. चार लोक हातातले बूट सोडून ऐकायला लागले.

"काडी जाते. पाय जात नाई," ती म्हणाली. "तो निजला होता तवा माप घेतलं. जागेपनी पाय मांडू देत नाई तो."

"मंग निजल्यावर घालत जाय बूट."

लोक हसले. मोठ्याने नाही, पण हसले. भाचा सगळ्यात जास्त हसला. वनिता हसली नाही आणि रडलीही नाही. तिने मुलाला कडेवर वर सरकवलं आणि ते हसणं संपू दिलं.

"शेठ, बूट काडीले नाई घालाचा, लेकराले घालाचा हाय," ती म्हणाली. "मी कापूस वेचाले जातो. घरी पाहाले कोनी नाई. मागच्या साली झोळीत निजत होता, आता मांगं मांगं चालते. वावरात सराटे हायेत, ढेकळं हायेत. उद्या परत जाचं हाय. कडेवर घेऊन कशी वेचू? तुमीच सांगा."

त्या वर्षी वेचणी म्हणजे काय होती ते सांगायला हवं. बोंडं अळीने किडलेली, निम्मी उमललीच नाहीत. जी उमलली त्यांतून कवडी निघायची, पिवळी, डाग पडलेली. मजुरी मात्र किलोवर. म्हणजे तेवढाच कापूस ओटीत यायला बाईने दुप्पट वावर चालायचं. आणि ती जेवढं चालणार तेवढं तिच्यामागे ते लेकरू चालणार. बूट तिला मिरवायला नको होते. तिला एवढंच हवं होतं की मूल जमिनीवर राहावं आणि दोन्ही हात मोकळे राहावेत.

हे दुकानातल्या सगळ्यांना कळलं. त्या तालुक्यात न कळणारा कोण होता? शेठच्या घरीही कापूस होता. त्यांनी मागे बघितलं.

"मॅडम, सांगा यायले."

मी उठले. पण तोंडातून ते वाक्य निघेना. मी काउंटरच्या बाहेर आले, एका खोक्याचं झाकण फरशीवर उलटं ठेवलं आणि मुलाला त्यावर उभं करायला वनिताला हाताने खुणावलं. तिने केलं. मी त्याचा दुखरा पाय हलकेच सरळ केला आणि बुटातली काडी काढून शेजारी ठेवली. टाच काडीला टेकवली. पुढे अंगठा काडीच्या बाहेर आला होता, अख्खं नख बाहेर. मी बाजूला झाले, म्हणजे सगळ्यांना दिसेल.

"आठ दिवसांत वाढला असंन," शेठ म्हणाले. कोणीतरी पुन्हा हसलं, पण या वेळी एकटाच. मग शेठ माझ्याकडे वळले आणि फार थंडपणे म्हणाले की तुम्हाला इंग्रजी बोलायला ठेवलं आहे, खाली बसायला नाही.

मी गुडघ्यावरच होते. वर बघून म्हणाले, "शेठ, बूट लहान आहे."

एवढंच म्हणाले. त्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर मराठीतलं माझं हे पहिलं वाक्य असेल.

शेठनी बूट उचलले, पिशवीत कोंबले आणि पिशवी वनिताच्या हातात दिली. तुमची मॅडम देईन घरून आणून, असं तिला म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला विचारायला लागले, तुले काय पाहिजे रे भाऊ. शेल्फवर मागेच निळे, पट्टीचे, एक नंबर मोठे बूट होते. तेच. किंमतसुद्धा तीच. हात वर करून काढायचे होते, बस. मला आजही राग येतो तो याचा. त्यांचं काहीच जात नव्हतं. परत आलेला जोड ते पुढच्याच काडीला विकू शकले असते. पण एकाला बदलून दिलं की उद्या सगळे लेकरं घेऊन येतील, पाय दाखवतील, आणि मग काडीचा डबा कशाला?

वनिता बाहेर गेली. दुकानाला तीन पायऱ्या होत्या. ती वरच्या पायरीवर, अगदी दारात बसली. मुलाला शेजारी टेकवलं. पिशवीतून विळा काढला. एक बूट पायरीवर आडवा धरला, त्याची टाच आपल्या पायाखाली दाबली आणि विळ्याने पुढचं टोक कापायला लागली. नवीन बूट होता, रेक्झिन चिवट, विळा दोनदा सरकला. बाजार भरलेला होता. भाजीवाल्या उठून बघायला आल्या. शेठ आतून म्हणाले, पायरी सोड, गिऱ्हाईक येऊन राह्यलं. ती उठली नाही. पहिलं टोक गळून पडलं, मग तिने दुसरा बूट घेतला. काम संपल्यावर कडा बोटाने चाचपून बघितल्या, एका ठिकाणी टोचत होतं तिथे विळ्याने परत घासलं. टाचेची बाजू उलटी दुमडून आत पदराचा फाडलेला तुकडा घातला. मग सार्थकला बूट घातले.

त्याची पाची बोटं पुढे बाहेर आली. त्याने खाली बघितलं. बोटं हलवून बघितली. मग आईचा हात सोडून दोन्ही हात वर धरून त्या गर्दीत चालायला लागला, लहान मुलं चालतात तसा, पोट पुढे काढून.

मी दारात उभी होते. वनिताने पिशवी खांद्याला लावली आणि माझ्याकडे बघितलं.

"बाई, तुमाले तं मराठी येते," ती म्हणाली. मग लेकराच्या मागे गेली. दोन निळी टोकं पायरीवर पडून होती. भाच्याने ती लाथेने नालीत ढकलली.

पुढच्या बाजारी दोन बायका आल्या आणि त्यांनी विचारलं, पुढून उघडे बूट आहेत का, लेकराला फार दिवस पुरतात म्हणे. शेठनी एक क्षणही विचार केला नाही. आतून जुने, न खपलेले जोड काढले, भाच्याला कात्री दिली आणि मला म्हणाले, मॅडम, खोक्यावर इंग्रजीत लिहा, ओपन मॉडेल. कापलेला बूट त्यांनी न कापलेल्या बुटाच्या भावाने विकला, आणि तोही परत घ्यायचा नाही म्हणून सांगितलं.

मी त्याच दिवशी नोकरी सोडली, असं लिहायला मला आवडलं असतं. पण घरात तेव्हा माझाच पगार येत होता. मी राहिले. मात्र काडी आली की चिठ्ठी बांधायच्या निमित्ताने ती आधी मी हातात घ्यायची, गिऱ्हाइकाला हळूच म्हणायची, याच्यापुढे एक बोट धरा आणि तेवढा मागा. काका, मामा समजून घ्यायचे. शेठपुढे जाऊन म्हणायचे, थोडा मोठाच द्या, पोट्टं वाढतं हाय. हळूहळू परत येणारे कमी झाले. शेठना वाटलं, माझं इंग्रजी सुधारलं. दिवाळीला त्यांनी मला पितळेची समई दिली. ती अजून खोक्यातच आहे.

आता नागपुरात माझ्यासमोर स्क्रीन असतो. पुण्याहून, मुंबईहून आया फोन करतात. 'टू स्मॉल' म्हणतात, मी एक बटण दाबते. दुसऱ्या दिवशी माणूस दारात येऊन बूट घेऊन जातो. काडी कोणी मागत नाही, फोड कोणी दाखवत नाही. आवाजही चढवावा लागत नाही. मी शांतपणे इंग्रजीत म्हणते, नो प्रॉब्लेम मॅम. फोन ठेवला की कधीकधी मला विनाकारण त्या बाईंचाच राग येतो. त्यांचा काही दोष नसतो.

मागच्या महिन्यात एक फोन आमच्याच जिल्ह्यातल्या, मुकुटबनच्या बाजूच्या एका खेड्यातून आला. बाई घाबरत हिंदीत बोलत होती. मुलीचे बूट मोबाइलवरून मागवले होते, घरी आले, पण होत नाहीत. मी पत्ता स्क्रीनवर टाकला. लाल अक्षरांत आलं की या पिनकोडवर परतीची सोय नाही. बूट पोहोचवायची आहे, परत घ्यायची नाही. अशा वेळी आम्ही काय म्हणायचं तेही समोर लिहिलेलं असतं, इंग्रजीत, तीन ओळी. वाक्य जास्त सभ्य आहे, बाकी तेच आहे. शेवटी ॲज पर पॉलिसी आहेच.

मी वरच्या अधिकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, तिथून माल उचलायला गाडी परवडत नाही, वाच आणि पुढचा कॉल घे.

मी परत हेडफोन लावला. बाईला मराठीत विचारलं, माप कसं घेतलं होतं. ती म्हणाली, पोरगी निजली होती तवा, टेपानं. मागे पोरगी रडत होती.

आमचे कॉल रेकॉर्ड होतात. हाही कोणाला ऐकायचा असेल तर तिथे सापडेल. समोरच्या तीन ओळी तशाच होत्या. मी त्या वाचल्या नाहीत.

"ताई," मी म्हणाले, "घरी विळा हाय का?"